करपलेले धणे

होळी झाली की आठ दिवसांत प्रेमा मिरची आणायची. बेडगी, संकेश्वरी आणि झटक्यापुरती लवंगी. विक्रोळीच्या वसाहतीत अठ्ठावीस वर्षं लोकांनी तिच्या हातचा मालवणी मसाला खाल्ला होता. मिरची गच्चीवर वाळवायची, देठं खुडायची, एकेक जिन्नस वेगळा भाजायचा, कांडपाच्या गिरणीवर उभं राहून कुटून आणायचा आणि दोन हातांत दोन पिशव्या घेऊन जिने चढायचे. पिशवीच्या बंदांनी तिच्या बोटांवर जे वळ पडले होते ते आता पावसाळ्यात काम बंद असतानासुद्धा जात नसत.

यंदा चढायला जिनेच उरले नव्हते. वसाहतीतल्या जुन्या इमारती पुनर्विकासाला गेल्या. दिवाळीनंतर एकेक रिकामी झाली, पत्र्यांनी वेढली गेली, मग यंत्रं आली. माणसं भाड्याच्या घरांत पांगली. कुणी मुलुंडला गेलं, कुणी घाटकोपरला, कुणी पार बोरिवलीला. प्रेमाची इमारत खाडीकडच्या शेवटच्या रांगेत होती म्हणून अजून उभी होती. तिची पाळी पुढच्या वर्षी. तिच्या गिऱ्हाइकांच्या एकशे वीस घरांपैकी पायी जाण्यासारखी अठरा राहिली.

संक्रांतीच्या सुमारास ती एकदा घाटकोपरला गेली होती. जुन्या गिऱ्हाइकाचा पत्ता तिनं चिठ्ठीवर लिहून घेतला होता. फाटकावरच्या माणसानं विचारलं, कुठल्या कंपनीकडून आलात. ती म्हणाली, कंपनी नाही, मीच. त्यानं वर फोन लावला, वर कुणी उचलला नाही. बसायला खुर्ची होती, पण ती त्याची होती. पाऊण तास प्रेमा कुंपणाला टेकून उभी राहिली आणि पिशव्या घेऊन तशीच परत आली. नवऱ्याला, चंद्रप्रकाशला, तिनं सांगितलं की ते लोक गावाला गेलेत.

चंद्रप्रकाश लेथवर चाळीस वर्षं काढून निवृत्त झालेला माणूस. त्याचे गुडघे गेले होते, पण हात शाबूत होते. देठं खुडणं, पुड्यांची तोंडं गरम पट्टीनं चिकटवणं ही कामं तो न बोलता करायचा. मुलगा सुयोग अंधेरीला एका जाहिरात कंपनीत होता. दुसऱ्यांचा माल ऑनलाइन कसा खपवायचा हेच त्याचं काम. घाटकोपरची गोष्ट त्याला कुठून तरी कळली. तो म्हणाला, आई, आता दारोदार बंद कर, मी ऑनलाइन टाकतो. त्यानं झकास फोटो काढला, मसाला लालभडक दिसेल असा. वीस टक्के सूट लावली, जाहिरात सोडली. महिन्याभरात अकरा पुड्या गेल्या आणि चार परत आल्या. एकीनं लिहिलं होतं, फार तिखट आहे. दुसऱ्याला गोडा मसाला हवा होता.

परत आलेल्या पुड्या प्रेमानं पाटावर मांडून ठेवल्या. अठ्ठावीस वर्षांत तिच्या दारात पुडी परत आली नव्हती.

"ह्यांका कोणी इचारल्यान, तुमका कसो व्हयो तो?" ती म्हणाली.

सुयोग म्हणाला, ऑनलाइन असं विचारत बसत नाहीत. पण सून मानसी हे ऐकत होती. मुलुंडच्या एका दुकानात ती हिशेब सांभाळायची. ते दुकान दिवाळीत बंद पडलं, तेव्हापासून ती घरी होती. दुसऱ्या दिवशी दुपारी भांडी झाल्यावर ती वही घेऊन सासूच्या समोर बसली आणि म्हणाली, तुम्ही नव्या घरी पहिल्यांदा जायचात तेव्हा काय करायचात, ते सगळं सांगा.

प्रेमाला आधी काही सांगताच येईना. जायचं आणि विकायचं, त्यात काय सांगायचं, असं ती म्हणाली. मग देठं खुडता खुडता बोलत गेली. नव्या घरी पहिल्या दिवशी विकायचं नाही, विचारायचं. घरात माणसं किती, मासे आठवड्यातून किती वेळा, पोर लहान आहे का, कुणाच्या पोटाचं दुखणं आहे का. त्याप्रमाणे लवंगी कमी-जास्त. पहिल्यांदा मोठी पुडी मागितली तरी द्यायची नाही, मूठभर द्यायची आणि म्हणायचं, आधी एक कालवण करून बघा. आणि पंधरा दिवसांनी परत जायचं, तेव्हा पिशवी घरी ठेवून जायचं. हातात पिशवी दिसली की बाई खरं सांगत नाही, म्हणते बरा झाला हो. पिशवी नसली की उंबऱ्यावर बसून सांगते, जरा मेथी जास्त झाली.

मानसीनं हे जसंच्या तसं फोनवर आणलं. सूट काढून टाकली. लाल फोटो काढून तिथं प्रेमाच्या हातांचा फोटो टाकला. पुडी मागवण्याआधी चार प्रश्नांची उत्तरं द्यायची. नव्या माणसाला आधी लहान पुडी, फक्त पोचवणावळ घेऊन. आणि पंधरा दिवसांनी प्रेमाच्या आवाजात निरोप जायचा: मी प्रेमा, विक्रोळीहून, कालवण कसं झालं ते कळवा, विकायला फोन नाही केला. पांगलेल्या जुन्या घरांचे नंबर मानसीनं एकेकाकडून मिळवले. सुयोगला हे फारसं पटलं नव्हतं. चार प्रश्न बघून लोक पळून जातील, तो म्हणाला. काही पळाले. जे राहिले त्यांनी बहिणींना सांगितलं, शेजारणींना सांगितलं. चैत्राच्या शेवटी पुडी परत येणं थांबलं.

एवढं सगळं सुरळीत होत असताना प्रेमा एक गोष्ट लपवून होती.

माघात तिला ताप आला होता. पाच दिवसांत उतरला. सहाव्या दिवशी दूध उतू जाऊन भांड्याला लागलं, काळं झालं, आणि ती दोन हातांच्या अंतरावर पोळ्या लाटत होती तरी तिला कळलं नाही. तिनं हिंगाची डबी उघडून नाकाशी धरली. मग लसूण ठेचला, मग उदबत्ती लावली. काही नाही. जेवताना तोंडात नुसतं खारट, आंबट, तिखट येई आणि बाकी सगळा चोथा. महिना वाट बघून ती दवाखान्यात गेली. डॉक्टर म्हणाले, येईल परत, किंवा नाहीही येणार. त्यांनी लिहून दिलेला कागद तिनं तांदळाच्या डब्याखाली ठेवला. सांगायचं कुणाला आणि कसं, हे तिला उमगेना. मसाला भाजणारीचं नाक गेलं म्हणजे गाणाऱ्याचा गळा गेला. त्यात मानसीनं तिच्या हातांचा फोटो टाकलेला.

होळीनंतरचे दोन मसाले तिनं डोळ्यांनी आणि कानांनी भाजले. खसखशीचा रंग बघायचा. दगडफूल चुरून बघायचं. धणे कढईत कधी तडतडतात आणि तडतड कधी मंदावते ते ऐकायचं. मंदावली की उतरवायचे. दोन्ही मसाले चांगले उतरले. आपल्याला जमतंय असं तिला वाटू लागलं.

वैशाखात मळभ आलं. तीन दिवस ऊन पडेना. गच्चीवर पसरलेली मिरची हाताला चामड्यासारखी लागू लागली. चंद्रप्रकाशनं ती खाली आणून खोलीत पसरली आणि पंखा लावला. शहाण्णव पुड्यांचा शब्द दिलेला होता. चौथ्या दिवशी प्रेमा म्हणाली, आता थांबून चालणार नाही, घरातच भाजू.

नेहमी ती गॅलरीत, उजेडात भाजायची. त्या दिवशी शेजारच्या पाडायच्या इमारतीवर काँक्रीट फोडणारा मोठा ब्रेकर चालू होता आणि सगळी धूळ गॅलरीत येत होती. दारं-खिडक्या लावून घेतल्या. ट्यूबच्या पांढऱ्या उजेडात शेगडी पेटवली. सुयोगनं जास्त माल एका वेळी व्हावा म्हणून जाड बुडाची नवी कढई आणली होती. आधी मिरची परतली. खोलीत ठसका भरला. मानसीनं आणि चंद्रप्रकाशनं ओला पंचा तोंडाला बांधला, दोघांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. प्रेमालाही खोकला लागला. ठसका घशाला लागतो, त्याला नाक लागत नाही. मग ती धण्यांकडे वळली. पाच घाणे करायचे होते.

दुसऱ्या घाण्याला ब्रेकर अगदी भिंतीपलीकडे आला. जमीन हादरत होती. प्रेमानं कान कढईकडे नेला. धणे तडतडताहेत की नाही तेच कळेना. ती उलथनं फिरवत राहिली. ट्यूबखाली धणे तपकिरी दिसत होते, हवे तेवढेच. तिनं आणखी थोडं थांबायचं ठरवलं. जाड बुडाची कढई खाली उतरवल्यावरही धणे तापवत राहिली. तिसऱ्या घाण्यालाही असंच झालं. मानसी पलीकडे पुड्यांवर पत्ते लिहीत होती. ओल्या पंच्यातून तिला मिरचीखेरीज कशाचाच वास येत नव्हता.

संध्याकाळी सगळे जिन्नस एकत्र होऊन गिरणीवर गेले. लोखंडी मुसळं वर-खाली होत राहिली आणि प्रेमा दर वर्षीसारखी डोक्याला फडकं बांधून शेवटपर्यंत उभी राहिली. मसाला नेहमीपेक्षा काळपट वाटला, पण मिरची नीट वाळली नव्हती, त्यामुळे असेल, असं तिनं मनाशी धरलं. दोन दिवसांत शहाण्णव पुड्या रवाना झाल्या.

पंधरा दिवसांनी तिच्या आवाजातला निरोप गेला. उत्तरं आली. उत्तम, छान, नेहमीसारखा, जोडलेल्या हातांची चित्रं. पूर्वी लोक लांब लिहायचे, कुणाकडे काय केलं, कोण जेवायला होतं. या वेळी उत्तरं आखूड होती. मानसीच्या ते ध्यानात आलं, पण तिला वाटलं, उन्हाळा आहे, लोक गावाला आहेत.

मग बोरिवलीच्या रेवती नावाच्या बाईंनी प्रेमाच्या ऑनलाइन दुकानाच्या पानावर सगळ्यांना दिसेल असा, पाचांपैकी एकच तारा दिला आणि खाली लिहिलं: 'धणे करपलेत. मसाला कडू आहे. ज्यांनी भाजला त्यांना हे कळलं नसेल असं वाटत नाही. कळूनही पाठवला.'

सुयोगनं ते सकाळी वाचलं आणि तो चिडला. त्याला माणसं माहीत होती. दहा ओळखीच्यांकडून पाच पाच तारे लिहून घेऊ, हे खाली जाईल, कुणाला दिसणार नाही, असं तो म्हणाला. सगळीकडे असंच करतात. मानसीनं उरलेली एक पुडी उघडली, नाकाशी नेली आणि तिचा चेहरा बदलला. तिनं ती सासूपुढे धरली.

प्रेमानं पुडी हुंगली नाही. चिमूटभर मसाला जिभेवर ठेवला. तिखट लागलं आणि मग जिभेच्या मुळाशी कडू आलं. बराच वेळ गेलं नाही. तिनं तोंड धुतलं. परत बसली.

"खरं लिवल्यान तिनं," ती म्हणाली. "दहा माणसं-बिणसं काय नको."

सुयोग म्हणाला, शहाण्णवातल्या एकीनं तक्रार केली, बाकी सगळ्यांनी छान म्हटलंय, आपण कशाला उकरून काढायचं. प्रेमा मानसीकडे वळली. तुझ्या वहीत एक लिहायचं राहिलं गो, ती म्हणाली. माल वाईट निघाला तर गिऱ्हाइकानं सांगायच्या आधी आपण सांगायचं, आणि सांगायला आपण स्वतः जायचं. मानसीनं त्याच दुपारी सगळ्यांना निरोप पाठवला: या खेपेचे धणे करपले आहेत, मसाला वापरू नका, पैसे परत करतो. आणि प्रेमानं मागच्या खेपेच्या शिल्लक राहिलेल्या पुड्या पिशवीत भरल्या. शहाण्णव घरी जाणं तिला शक्य नव्हतं. दोन घरी जायचं तिनं ठरवलं. एक सगळ्यांत जुनं आणि एक जिनं तारा दिला तिचं.

सगळ्यांत जुनं घर जयंतीबाईंचं. त्या शाळेत शिकवायच्या. पंचवीस वर्षं तिसऱ्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहिल्या, आता मुलुंडला नवव्या मजल्यावर भाड्यानं. या वेळी मानसीनं आधी फोन करून ठेवला होता. तरी फाटकावर प्रेमाचा फोटो काढला गेला आणि वहीत नावापुढे डिलिव्हरी लिहिलं गेलं. सामानाच्या लिफ्टनं जा, तिला सांगण्यात आलं. लिफ्टमध्ये एक गादी उभी केलेली होती. गादी आणि भिंत यांच्या मधे प्रेमा पिशवी पोटाशी धरून उभी राहिली.

जयंतीबाईंनी तिला आत घेतलं, पाणी दिलं, कोचावर बसवलं. प्रेमानं सांगितलं, मसाला बिघडला, परत न्यायला आले.

"वहिनी, पुडी उघडली तेव्हाच कळलं मला," जयंतीबाई म्हणाल्या. "म्हटलं, तुमचं वय झालं. एवढ्या वर्षांची ओळख. कसं बोलायचं?"

त्यांचं उत्तर प्रेमाला पाठ होतं. 'नेहमीसारखा उत्तम' असं होतं ते. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं आणि ओट्यावर कुठल्याशा कंपनीच्या मसाल्याची पुडी, तोंडाला चिमटा लावलेली, दिसत होती. जयंतीबाईंनी तिची नजर पाहिली आणि त्या ओशाळल्या. पुडी परत द्यायला नाहीये हो, त्या म्हणाल्या, मी ती कामवाल्या बाईला देऊन टाकली.

प्रेमानं त्या बाईचं घर कुठे आहे ते विचारलं. तिच्याकडेही कडूच जाणार ना, ती म्हणाली. जयंतीबाईंना तिचं घर माहीत नव्हतं. प्रेमानं दोन चांगल्या पुड्या टीपॉयवर ठेवल्या, एक जयंतीबाईंची आणि एक त्या बाईची, आणि उठली. जयंतीबाईंनी चहाला आग्रह केला. ती बसली नाही. खाली येताना गादी लिफ्टमधून गेली होती आणि लिफ्ट फार मोठी वाटत होती.

मुलुंडहून बोरिवलीला बसनं जायला तिला दोन तास लागले. खिडकीशी बसून ती मनात एकेक उत्तर आठवत होती. छान. उत्तम. बरा झाला. पंधरा दिवसांनी पिशवी घरी ठेवून जायचं म्हणजे बाई खरं बोलते, हे तिनं सुनेला शिकवलं होतं. आणि सुनेनं ते नीट केलंही होतं. पण ज्यांना तिची कीव येत होती ते पिशवी नसतानाही खोटं बोलले होते. किती खेपांपासून बोलत असतील, हे तिला कळायला मार्ग नव्हता.

रेवती तळमजल्यावर राहायची. तिशीतली बाई, केस ओले, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र. दारात मसालेवाली स्वतः उभी आहे हे तिला पटायला वेळ लागला. मग तिचा आवाज ताठ झाला. तारा काढायला सांगणार असाल तर मी काढणार नाही, ती म्हणाली.

प्रेमा म्हणाली, काढू नको. पुडी तेवढी परत दे.

रेवतीनं पुडी आणून दिली. दोन चमचेच गेले होते. आत या असं ती म्हणाली नाही, पण दारही लावलं नाही. मग तीच बोलू लागली. गेल्या भाद्रपदात तिची आई गेली. घरचा मसाला आईच करायची. ती गेल्यावर डबा चार महिने पुरला. हिनं ऑनलाइन दहा ठिकाणी बघितलं आणि कुठेच मागवावासा वाटला नाही.

"तुमच्याकडे चार प्रश्न होते," रेवती म्हणाली. "आईसुद्धा तेच विचारायची. म्हणून मागवला. मग पुडी उघडली. इतकं विचारणाऱ्या बाईला करपलेल्या धण्यांचा वास येत नाही, हे कसं मानायचं मी? म्हणून वाटलं, मुद्दाम पाठवलाय."

नवऱ्याला, मुलाला, सुनेला जे प्रेमानं चार महिने सांगितलं नव्हतं ते तिच्या तोंडून इथं निघालं.

"मला वास येत नाही," ती म्हणाली. "ताप आला त्यापासून. घरी माहीत नाही कुणाला."

रेवतीनं आतून स्टूल आणून दारात ठेवलं. प्रेमा बसली. रेवतीनं दिलेला चहा प्रेमानं प्यायला. तिला तो नुसता गरम आणि गोड लागला. जाताना तिनं चांगली पुडी पुढे केली तेव्हा रेवतीनं ती घेतली नाही. आधी घरी सांगा, ती म्हणाली, मग पाठवा.

प्रेमा घरी पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. ब्रेकर थांबलेला होता. चंद्रप्रकाश गॅलरीत बसला होता, मानसी पीठ मळत होती. प्रेमानं पिशवी खाली ठेवली आणि चप्पल न काढताच सांगितलं.

"माका वास येणा नाय. तापापासून."

मानसीचे हात पिठात थांबले. चंद्रप्रकाश भिंतीला धरून आत आला. त्याला राग आला असेल असं प्रेमाला वाटलं, पण तो खाटेच्या कडेला बसला आणि पायांकडे बघत म्हणाला, "गॅलरीत विडी ओढूक लागलंय मी परत. दोन महिने झाले. तू काय बोलणस नाय. माका वाटला, तू माझो नादच सोडलंस."

प्रेमा त्याच्या शेजारी बसली. मग तिनं तांदळाच्या डब्याखालचा कागद काढून मानसीला दिला. मानसी कणकेच्या हातानंच तो वाचू लागली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि रागही आला. ती म्हणाली, आई, मी रोज तुमच्या शेजारी बसून लिहीत होते, आणि तुम्ही हे तेवढं लिहू दिलं नाहीत.

निरोपाला जी उत्तरं आली ती एकसारखी नव्हती. चाळीसेक जणांनी पैसे परत घेतले. काहींनी घेतले नाहीत, काहींनी खूप बोलून घेतले. सुयोगनं एकेकाला फोन केले आणि ऐकून घेतलं. कितीतरी लोकांनी काहीच कळवलं नाही आणि पुन्हा कधी मागवलं नाही. जयंतीबाईंचं उत्तर आलं नाही. रेवतीचा एक तारा दुकानाच्या पानावर सगळ्यांत वर राहिला. सुयोगला तो रोज दिसायचा. त्यानं त्याला हात लावला नाही.

पाऊस लागायच्या आत एक खेप करायची असं मानसीनं ठरवलं. ऊन परत आलं होतं. दुपारी ब्रेकरवाले जेवायला गेले की तासभर शांतता असे. तेव्हाच भाजायचं ठरलं. गॅलरीत, उजेडात, जुन्या पातळ कढईत. धणे आधी, मिरची शेवटी, म्हणजे नाक बधिर व्हायचं नाही. उलथनं मानसीच्या हातात होतं.

पहिला घाणा कच्चा राहिला. प्रेमानं चार दाणे दातांखाली फोडले आणि मान हलवली. दुसरा मानसीनं भीतीपोटी फार लवकर उतरवला. तिसऱ्याला ती रडकुंडीला आली. कधी उतरवायचं ते कसं कळणार, ती म्हणाली, तुम्ही सांगा ना.

"मी कसं सांगू? तू सांग. काय येतं नाकात?"

मानसी कढईवर वाकली. ती म्हणाली, गवतासारखं काहीतरी. वाळलेल्या. प्रेमा म्हणाली, मग अजून नाही. जरा वेळानं मानसी म्हणाली, आता संत्र्याच्या सालीसारखं. प्रेमानं डोळे मिटले होते. अजून थांब, ती म्हणाली, ती साल जाऊ दे, मागून गोड येईल, भाजल्या शेंगदाण्याच्या अलीकडचं. मानसी उलथनं फिरवत राहिली. तिच्या हनुवटीवरून घाम कढईच्या कडेवर पडत होता. चंद्रप्रकाश देठं खुडायचा थांबला होता.

"आता," मानसी म्हणाली.

प्रेमाला काहीच येत नव्हतं. तिला वाटलं, आणखी अर्धा मिनिट हवा. अठ्ठावीस वर्षांच्या हातांना तसं वाटलं. तिनं ते बोलून दाखवलं नाही. फडक्यानं कढई धरली, उतरवली आणि धणे परातीत ओतले. मग चार दाणे तोंडात टाकले. कडू नव्हते. कच्चेही नव्हते. याहून जास्त तिला कळण्यासारखं नव्हतं, आणि ती तिथंच थांबली.

खेप लहान झाली, तीस पुड्यांची. पाठवायच्या आधी मानसीनं फोन समोर धरला. या वेळी निरोप पंधरा दिवसांनी नको, पुडीच्या आधीच जाऊ दे, असं प्रेमानंच सांगितलं होतं. तिनं पदर सावरला, जणू समोर दार उघडलं होतं.

"मी प्रेमा, विक्रोळीहून," ती बोलू लागली. "हा मसाला मी भाजलेला नाही. माझं नाक गेलंय. सुनेनं भाजलाय, मानसीनं. ती नवीन आहे. माझ्याच हातचा समजून घेऊ नका. आवडला तर ठीक. नाही आवडला तर तसं सांगा. माझं वय बघून, ओळख बघून छान म्हणू नका. तुम्ही गप्प बसलात की आम्हाला कळायचं कसं? गप्प बसू नका."

मानसीनं विचारलं, एकदा ऐकून बघायचं का. प्रेमा नको म्हणाली. पाठव, ती म्हणाली, आणि सूप ओढून उरलेल्या मिरचीची देठं खुडायला नवऱ्याशेजारी बसली.